योग सोपा, क्षेम कठीण : परदेशी गेलेल्या अमेरिकन जीपची गोष्ट



या मालेत आपण मालकी या कल्पनेचा विचार करत आहोत. मागच्या खेपेला जमिनीची मालकी घेतली होती, आज यंत्राची घेऊ. तत्त्वज्ञानाचा मास्तर मोटारगाडीवर काय बोलणार, अशी शंका काहींना आली असेल. ती रास्त आहे. पण आम्हाला जे सांगायचं आहे ते गाडीच्या उदाहरणाने जितकं स्वच्छ दिसतं तितकं पुस्तकी उदाहरणाने दिसत नाही, म्हणून हा विषय.

योगक्षेम हा शब्द आपण सगळेच वापरतो. जुन्या आचार्यांनी त्याची फोड केली आहे. जे जवळ नाही ते मिळवणं हा योग, आणि मिळालेलं राखणं हा क्षेम. आपण मालकी म्हणतो तेव्हा बहुधा फक्त योग डोळ्यांपुढे असतो. पैसे मोजले, कागदावर नाव लागलं, किल्ली हातात आली, झालो मालक! आमचं म्हणणं असं की यंत्राच्या बाबतीत मालकी योगाने सुरू होते, पण टिकते क्षेमाने. आणि क्षेमासाठी पैशाहून निराळं काहीतरी लागतं.

घराजवळ बनलेल्या यंत्राचा क्षेम इतका सहज होतो की तो दिसतच नाही. कोपऱ्यावर मिस्त्री असतो, त्याच्याकडे योग्य पाना असतो, समोरच्या दुकानात सुटा भाग मिळतो. यंत्र समुद्रापार गेलं की या अदृश्य गोष्टी एकेक करून दिसू लागतात. त्यासाठी अमेरिकन चारचाकी ओढीची गाडी, म्हणजे फोर बाय फोर, हे फार चांगलं उदाहरण आहे. ती जगभर गेली आणि जिथे गेली तिथे लोकांना तिच्या क्षेमाचा प्रश्न सोडवावा लागला.

एक गाडी, सहा लाख प्रती

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकांना ओढ असलेली टेहळणीची गाडी हवी होती. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम नावाच्या छोट्या कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना बनवून दिला. पण कंपनी लहान, मागणी अफाट. मग काम मुख्यतः ओहायोतल्या टोलेडो इथल्या विलीज कंपनीकडे आणि फोर्डकडे गेलं. १९४१ ते १९४५ या काळात दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. हीच ती जीप.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की विलीजची जीप आणि फोर्डची जीप यांचे भाग एकमेकांना बसत होते. सैन्याची अटच तशी होती. दोन तुटक्या जीपांतून एक धडकी जीप रणांगणावर उभी करता आली पाहिजे. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, इंग्रजी एफ हे अक्षर उठवलं. आज जुन्या जीपचे शौकीन हे अक्षर शोधत फिरतात आणि एकाच गाडीत एफचे बोल्ट आणि बिनअक्षराचे बोल्ट शेजारी शेजारी सापडतात. गाडी त्यांत भेद करत नाही. म्हणजे जीपचा क्षेम तिच्या आराखड्यातच बांधलेला होता. मात्र त्याला एक गृहीत होतं. तिच्यामागे अमेरिकन सैन्याचं भांडार असणार, हे ते गृहीत.

आट्यांचा प्रश्न

युद्ध संपलं. भांडार मायदेशी परतलं, गाड्या मात्र ठिकठिकाणी मागे राहिल्या किंवा विकल्या गेल्या. आपल्याकडे अशा मालाला लोक 'डिस्पोजलचा माल' म्हणत. आता कल्पना करा, तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या एखाद्या मिस्त्रीसमोर जीप उभी आहे. त्याच्याजवळची सगळी हत्यारं ब्रिटिश.

ब्रिटिश व्हिटवर्थ बोल्टच्या आट्यांचा कोन ५५ अंश, तर अमेरिकन आट्यांचा ६० अंश. तीन-अष्टमांश इंची जाड आट्याचा बोल्ट घेतला तर दोन्हीकडे इंचाला आटे १६ च. त्यामुळे ब्रिटिश बोल्ट अमेरिकन नटात फिरतो, आवळलाही जातो. पण कोन निराळा असल्यामुळे आटे एकमेकांवर पूर्ण टेकत नाहीत, कडेकडेनेच धरतात. गाडी धक्के खाऊ लागली की असा बोल्ट सैल पडतो. अर्ध्या इंचाच्या बोल्टची तऱ्हा वेगळी. ब्रिटिश बोल्टला इंचाला १२ आटे, अमेरिकनला १३. तो दोन-तीन फेऱ्यांनंतर अडतो, आणि जोर लावला तर आटेच मोडतात. आम्हाला यातला पहिला प्रकार अधिक घातक वाटतो. जे अजिबात बसत नाही ते निदान फसवत तरी नाही.

हा त्रास केवळ आपल्या मिस्त्रीला झाला असं नव्हे. युद्धात ब्रिटन आणि अमेरिका मित्र होते, पण त्यांचे बोल्ट मित्र नव्हते. अखेर १९४८ च्या नोव्हेंबरात अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकसमान आट्यांचा करार केला.

पुढे आपण १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापांकडे वळलो आणि पान्यांची आणखी एक पिढी आली. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना चढतो, पण किंचित खेळतो. नऊ-सोळांश इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर. त्याला १४ चा पाना चढत नाही आणि १५ चा घसरतो. गंजलेल्या बोल्टवर असा सैल पाना लावून जोर केला की बोल्टच्या डोक्याचे कोपरे जातात, आणि पाच मिनिटांचं काम छिन्नी-हातोड्यावर येतं. म्हणून जुनी अमेरिकन गाडी घेणाऱ्याने पहिला खर्च कशावर करावा असं कुणी विचारलं, तर उत्तर सरळ आहे : इंची पान्यांचा एक चांगला संच.

तीन देश, तीन उत्तरं

आता आपण मूळ मुद्द्याकडे येऊ. मागे राहिलेल्या जीपचं काय करायचं, याची निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरं दिली.

पहिलं उत्तर फिलिपिन्सचं. युद्धाने मनिला उद्ध्वस्त झालं होतं, वाहतुकीची साधनं उरली नव्हती, जीपा मात्र भरपूर होत्या. लोकांनी जीपची सांगाडी लांबवली, वर छप्पर घातलं, मागे समोरासमोर दोन लांब बाकं टाकली. तीच जीपनी. १९५३ साली लिओनार्दो साराओ या एकेकाळच्या टांगेवाल्याने लास पिन्यास इथे जीपनी बनवण्याचा कारखाना काढला आणि त्याचं नाव देशभर झालं. मूळ अमेरिकन इंजिनं थकली तेव्हा जपानहून आलेली जुनी डिझेल इंजिनं बसवली गेली. चारचाकी ओढीची शहरात गरज नव्हती, ती गेली. आणखी एक गंमत पाहा. फिलिपिन्समध्ये पूर्वी वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत. १९४५ साली देशाने बाजूच बदलून उजवी केली, आणि त्यामागे अमेरिकन सैन्याच्या डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांची गर्दी हे एक मोठं कारण होतं. इथे गाडी देशाप्रमाणे बदलली आणि देशही थोडा गाडीप्रमाणे बदलला.

आपल्याकडे सांगली-साताऱ्याच्या बाजूला ज्याला वडाप म्हणतात ते डोळ्यांपुढे आणा, म्हणजे जीपनीचं समाजातलं स्थान लगेच कळेल. एस.टी. जिथे वेळेवर पोचत नाही तिथे जो पोचतो, तो. पण या उत्तराची किंमतही होती. अशा गाड्यांचं आयुष्य संपतच नाही, कारण प्रत्येक भाग बदलता येतो. २०१७ पासून फिलिपिन्स सरकारने धुराच्या आणि सुरक्षिततेच्या कारणाने जुन्या जीपनी काढून नव्या गाड्या आणण्याचं धोरण घेतलं. नव्या गाडीचं कर्ज झेपणार नाही म्हणून चालकांनी वारंवार संप केले. जुनी गाडी चालक स्वतः दुरुस्त करू शकत होता, आणि त्याच्या पोटाचा आधार गाडीइतकाच त्या कौशल्यावर होता. हवा स्वच्छ हवी हेही खरं आणि चालकाचं दुखणंही खरं. यात एक बाजू खोटी ठरवून प्रश्न सुटत नाही.

दुसरं उत्तर ब्रिटनचं. रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स यांच्याकडे वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या शेतीकामासाठी सैन्यातून निघालेली एक जीप होती. ती झिजली तर पुढे काय, हा प्रश्न त्यांनाही पडला. त्यातून रोव्हरने १९४७ मध्ये जीपच्याच सांगाडीवर पहिला नमुना उभारला, आणि ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर जगापुढे आली. दोन धुऱ्यांमधलं अंतर जीपइतकंच, ८० इंच. पोलाद तुटवड्यात होतं म्हणून अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. परक्या वस्तूचा क्षेम आपल्याला परवडत नसेल तर तिच्याकडून शिकून आपली वस्तू करावी, असं हे उत्तर. अर्थात त्यासाठी हाताशी कारखाना हवा.

तिसरं उत्तर आपलं. १९४५ साली लुधियानात स्थापन झालेल्या कंपनीने, जी पुढे महिंद्र अँड महिंद्र झाली, स्वातंत्र्याच्या सुमारास विलीजची जीप इथे आणली. सुरुवातीला सुट्या भागांच्या पेट्या येत आणि मुंबईत माझगावला त्यांची जोडणी होई. मग परवाना, आराखडे, आणि एकेक भाग इथे बनवणं. ज्यांनी उंच बॉनेटची जुनी जीप पाहिली आहे त्यांनी विलीजचं सीजे-थ्रीबी हे मॉडेल पाहिलं आहे. ते बॉनेट उंच करण्याचं कारण एवढंच की नवं इंजिन जुन्यापेक्षा उंच होतं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली बंद झालं. आपल्याकडे प्यूजोच्या परवान्यावरचं डिझेल इंजिन घेऊन त्याचा वंश कितीतरी दशकं पुढे चालला. जपानमध्ये मित्सुबिशीनेही १९५३ पासून असाच परवाना घेतला आणि थेट १९९८ पर्यंत जीप बनवली.

या तिसऱ्या उत्तरात वस्तूबरोबर तिची मापंही आली, हे महत्त्वाचं. ज्याच्याकडे आराखडा आहे त्याला भागाची वाट पाहावी लागत नाही. तालुक्याच्या गावातला लेथवाला जीपचा बुश कातून देऊ लागला, तेव्हा ती गाडी खऱ्या अर्थाने आपली झाली. आयातीच्या पावतीने ते साधलं नव्हतं.

आजचा मालक

आज आखातात, ऑस्ट्रेलियात, आपल्याकडेही हौशीने अमेरिकन फोर बाय फोर बाळगणारे लोक आहेत. त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. प्रत्येकीत तत्त्व एकच आहे : आकडा कोणत्या जगातला आहे ते आधी ओळखा.

अमेरिकन पुस्तिकेत ८७ ऑक्टेनचं पेट्रोल लिहिलेलं असतं. अमेरिकेतला आकडा दोन मोजण्यांची सरासरी असतो. युरोपात आणि आपल्याकडे त्यांतली एकच मोजणी, आरओएन, धरतात. त्यामुळे तिकडचं ८७ म्हणजे इकडचं साधारण ९१-९२. गॅलनचंही तसंच. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ चा. इंजिनाचं तेल 'क्वार्ट'मध्ये सांगतात, तो लिटरहून थोडा कमी.

दिव्यांकडे तर अवश्य पाहा. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी बनवलेल्या दिव्याचा खालचा झोत उजव्या कडेला लांब जातो. आपण डावीकडून चालतो, म्हणजे तो झोत नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. अमेरिकेत मागचा वळणाचा दिवा लाल चालतो, इतर बहुतेक देशांत तो पिवळाच लागतो. हे नोंदणीपुरतं सांभाळायचं काम नव्हे, समोरच्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

आता चारचाकी ओढीबद्दल. वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. जुन्या जीपमध्ये ओढ जोडली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात, त्यांना वेगळ्या गतीने फिरता येत नाही. चिखलात किंवा वाळूत चाक थोडं घसरून तो फरक काढून टाकतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, मग ताण गिअरवर आणि क्रॉसवर येतो. म्हणून अशी ओढ सडकेवर लावू नये. याच कारणाने चारही टायर एकाच घेराचे हवेत, आणि पुढच्या-मागच्या धुऱ्यांतल्या गिअरचं प्रमाण एकच हवं. युद्धातल्या जीपचं ते प्रमाण ४.८८, आणि नागरी सीजे-टूएचं ५.३८. दिसायला धुरे जवळजवळ सारखे. एक इकडचा, एक तिकडचा बसवला तर दोन चाकांवर गाडी गुणी बाळासारखी चालते. ओढ जोडली की दहा टक्क्यांचा फरक एकमेकांशी झगडू लागतो आणि कुठलातरी दात मोडतो.

पाण्यातून गाडी काढल्यावर धुऱ्यातलं तेल पाहावं. तापलेला धुरा थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला. कोकणात-गोव्यात खाऱ्या पाण्याजवळ गाडी फिरवणाऱ्यांनी तर खालून गोड्या पाण्याने धुण्याचा नेमच ठेवावा.

सुटे भाग मागवताना वर्ष आणि मॉडेल पुरेसं नसतं. १९८१ पासून अमेरिकन गाड्यांना सतरा अक्षरांचा क्रमांक असतो. त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं आणि अकरावं कारखाना. तो क्रमांक देऊनच भाग मागवा. मात्र प्रत्येक भाग समुद्रापारहून आणण्याची गरज नसते. बेअरिंगवर त्याचा क्रमांक कोरलेला असतो, आणि पुष्कळदा तेच बेअरिंग आपल्या बाजारपेठेतल्या बेअरिंगच्या दुकानात मिळतं. ऑइल सीलचं माप घेता येतं. ज्याला मोजता येतं त्याचं परावलंबन निम्म्याने कमी होतं.

रथ कुठे आहे?

आता आमच्या विषयाचं थोडं बोलू द्या. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात की तू रथातून आलास, तर तो रथ म्हणजे नेमकं काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्या भागांच्या आधाराने आपण 'रथ' हे नाव वापरतो इतकंच.

जुन्या जीपच्या मालकाला हा संवाद रोज जगावा लागतो. इंजिन बदललं, धुरा बदलला, अंग नवं घातलं, मग जीप उरली कुठे? हा प्रश्न न्यायासनापुढेही गेला आहे. महिंद्रने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये रॉक्सर नावाची गाडी जोडून विकायला सुरुवात केली. तिचं मूळ जीपच्याच परवान्यात. जीपच्या तेव्हाच्या मालक कंपनीने तक्रार केली की हे रूप आमचं आहे, आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ती मान्य केली. महिंद्रला गाडीचा चेहरा बदलावा लागला. अमेरिकेतून आलेला आराखडा सत्तर वर्षं इथे नांदला, आणि परत माहेरी गेला तेव्हा दारातच अडवला गेला. कायद्याच्या भाषेत रूपाची मालकी त्यांची, ते ठीकच. पण ती गाडी जिवंत ठेवणारी हातोटी कुणाची, हे त्या निकालात ठरायचं नव्हतंच.

हा प्रश्न आता अधिक अवघड होत चालला आहे. पूर्वी क्षेमाच्या आड पाना येत असे, आज कुलूप येतं. २०१८ च्या सुमारापासूनच्या काही अमेरिकन गाड्यांत संगणकाशी बोलायलाच कंपनीची परवानगी लागते. परवानगी नसेल तर बाहेरच्या मिस्त्रीला दोष वाचता येतो, पण दुरुस्तीनंतरची जुळणी करता येत नाही. पान्याचं माप लेथवाल्याला घेता येत होतं, परवानगीचं माप कुणाला घेता येत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. समुद्रापलीकडे गाडी घेणाऱ्याला मात्र त्याचा थेट आधार नाही. पूर्ण किंमत मोजूनही ज्याला वस्तू उघडण्याची मुभा नाही, त्याला मालक म्हणावं की लांब मुदतीचा भाडेकरू? याचं उत्तर आम्ही आज देत नाही. तुम्ही विचार करून ठेवा.

तोवर, कुणी अशी गाडी घ्यायला निघालं असेल तर सौदा करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. हिचा भाग इथे कुणी बनवतो का? हिची मापं इथे कुणाला माहीत आहेत का? आणि हिला हात लावण्याची परवानगी आपल्या गावातल्या मिस्त्रीला आहे का? तिन्हींचं उत्तर 'नाही' आलं, तर गाडी कितीही देखणी असो, योग होईल पण क्षेम दुसऱ्याच्या हातात राहील. तिन्हींपैकी एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर त्या माणसाचा पत्ता आधी वहीत लिहून घ्या, गाडीचा रंग नंतर ठरवा.

पुढच्या खेपेला आपण घराकडे वळू. भाड्याचं घर आणि स्वतःचं घर यांत सांभाळण्याचा फरक काय, ते पाहू.